चरका

डिसेंबरात केळीला चरका लागतो.
पारा आठावर येतो, पोगा अडकतो,
साल आतून राखट होत जाते
आणि वरून घड हिरवागार.
मग तो सावद्याच्या रायपनिंग चेंबरात ठेवा,
तोच गॅस, तेवढाच, तेवढेच तास.
शेजारचे घड पिवळे होतात,
हा नुसता मळकट पडतो.
लिलूभाऊ म्हणायचा, गॅसचा काय दोष,
त्याने हाक मारलीच की.

मी जळगावात उंदरांच्या मेंदूचे काप करते.
थरथरत्या पात्याखाली, केसाच्या तीन-चार पट जाड.
थंड खारट पाण्यात, बुडबुड्यांवर
काप सहा तास जगतो.
उंदीर गेलेला असतो,
काप अजून ऐकत असतो.

त्याच्यावर मी एक थेंब सोडते.
एक्केचाळीस मण्यांची माळ, एवढंसं पेप्टाइड.
पुस्तकात तिची ओळख ताणाचा निरोप्या अशीच.
पण निवांत वाढलेल्या उंदराच्या मेंदूत
एका कोपऱ्यात ती वेगळंच सांगते:
ऊठ.
पिंजऱ्यात काहीतरी नवं ठेवलंय, बघून ये.
पडद्यावरची रेषा उड्या मारायला लागते
आणि मला दरवेळी, अजूनही, हसू येतं.

दुसऱ्या गटाला पोहायला लावायचं असतं.
काचेचं उभं भांडं, टेकायला कड नाही.
पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं,
दुसऱ्या दिवशी सहा-सहा मिनिटं, चार वेळा.
स्टॉपवॉच माझ्या हातात.
सायबू तडवी त्यांना बाहेर काढतो,
टॉवेलात गुंडाळून पुसतो,
तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतो.
मी कधी विचारलं नाही काय ते.

आठवड्यानंतर त्यांचे काप. तोच थेंब.
रेषा पडून राहते
एप्रिलमधल्या मोर नदीसारखी.
सर म्हणाले, रिसेप्टर आहेत का बघ.
बघितले. आहेत, जागच्या जागी.
म्हणजे दार आहे, कडी आहे,
आत कोणीतरी बसलेलंही आहे.

लिलूभाऊ जेवणावरून उठायचा
बाहेर ट्रक मागे येताना वाजते ना, ती ट्यूँव-ट्यूँव ऐकली की.
हात न धुताच. वहिनी ओरडायची.
कुठला माल, कुठून आला, फणी कशी आहे,
पोरासारखा पळायचा.

मग बऱ्हाणपूरच्या रस्त्यावर, पुलाशी, ती गाडी.
केबिनात चार तास,
मुनाफ ड्रायव्हरचा हात याच्या हातात,
त्यातले शेवटचे दोन तास नुसताच हात.

आता तीच ट्यूँव-ट्यूँव आली
की तो उठतो आणि पंखा मोठा करतो.
जानेवारीतसुद्धा.

वहिनीने मागच्या रविवारी विचारलं,
तुमचे ते उंदीर बरे होतात का हो नंतर?
मी म्हटलं, नव्वद दिवसांपर्यंत तरी नाही.
आणि पुढे?
पुढची नोंद नाही, वहिनी.
नव्वदाव्या दिवशी उंदीरच संपतात.
ती भाकरी थापत राहिली. मी उगाच
मिठाची बरणी पुसून जागेवर ठेवली.

भाऊ ओट्यावर होता. मला वाटलं ऐकलं नसेल.
"कित्ती येळ पोहू देता त्याहिले?"
सांगितलं. पंधरा. मग सहा, सहा, सहा, सहा.
"अन् काढतं कोण?"
सायबू.
"पुसतो?"
हो. टॉवेलने. आधी कान, मग पाठ.

तो बराच वेळ समोरच्या चेंबरच्या शटरकडे बघत होता.
"बरं करतो," म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी एक आयशर मागे यायला लागली.
मी पंख्याच्या बटणाकडे बघितलं,
मग त्याच्याकडे.
वीज गेलेली होती.